चौरीचौरा, ४ फेब्रुवारी १९२२ : ठाण्याच्या आतले आणि बाहेरचे

१/
चौरीचौराला आपल्या पाठ्यपुस्तकांत दीड ओळ मिळते. जमावाने पोलीस ठाणे जाळले, पोलीस मारले गेले, गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतले. परीक्षेपुरते तेवढे पुरते. मात्र त्या दीड ओळीत दोन गट बिनचेहऱ्याचे राहून जातात : ठाण्यात जळून मेलेले शिपाई आणि त्यांना मारणारे शेतकरी. हा थ्रेड त्या दोघांविषयी.

२/
आधी भूगोल. संयुक्त प्रांतातील गोरखपूर जिल्ह्यात चौरी आणि चौरा ही दोन वेगळी गावे होती. रेल्वे आल्यावर स्थानकाच्या पाटीवर ती एकत्र आली आणि ‘चौरीचौरा’ हे जोडनाव रूढ झाले. पोलीस ठाणे चौऱ्यात. जवळच मुंडेरा बाजार, त्याचा मालक संतबक्ष सिंग हा सरकारनिष्ठ जमीनदार. थोड्या अंतरावर डुमरी हे गाव. पुढची सारी घटना या लहानशा परिसरात घडली.

३/
८ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजी गोरखपुरात येऊन गेले. ते आले, बोलले, निघून गेले. पण त्यांच्या नावाभोवती त्या मुलखात दंतकथांचे रान माजले. गांधीबाबाची आण मोडणाऱ्याचे वाटोळे होते, मानणाऱ्याची हरवलेली वस्तू परत मिळते, अशा वार्ता गावोगाव पसरल्या. इतिहासकार शाहिद अमीन यांनी या अफवांचा सविस्तर अभ्यास केला आहे. लोकांना उमगलेला गांधी आणि अहमदाबादेत बसलेला गांधी यांच्यात बरेच अंतर होते. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

४/
जानेवारी १९२२ मध्ये डुमरीत स्वयंसेवकांचे मंडळ उभे राहिले. प्रतिज्ञापत्रावर सही किंवा अंगठा, घरोघर फिरून मूठ-मूठ धान्य गोळा करणे, दारूच्या दुकानांवर निरोधन असा कार्यक्रम होता. त्याला एक स्थानिक मागणीही जोडली गेली : मुंडेरा बाजारात मांस-मासळी रास्त भावाने विकली जावी. म्हणजे स्वराज्याचा प्रश्न इथे बाजारभावाच्या वाटेने आला आणि संघर्ष थेट जमीनदाराच्या उत्पन्नाशी झाला. जमीनदाराच्या पाठीशी ठाणे होते.

५/
आता ठाण्याच्या आत डोकावू. हिंदुस्थानातील पोलीस दल १८६१ च्या पोलीस कायद्याने घडवले. १८५७ चा उठाव नुकताच शमला होता. त्यामुळे आदर्श म्हणून समोर होते ते आयर्लंडमधील सशस्त्र दल. रयतेची सेवा हा या रचनेचा हेतू नव्हता, रयतेवर वचक हा होता. वरची जागा गोऱ्या अधिकाऱ्याची. लाठी हाती धरणारा मात्र देशी, तुटपुंज्या पगाराचा, फारसे शिक्षण नसलेला शिपाई.

६/
हे आजच्या अभ्यासकांचेच मत आहे असे समजू नका. १९०२-०३ मध्ये खुद्द सरकारने नेमलेल्या पोलीस आयोगाने नोंदवले होते की हे दल अकार्यक्षम आहे, त्याचे प्रशिक्षण सदोष आहे आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात. सरकारला रोग ठाऊक होता. पण स्वस्त आणि धाक घालणारी पोलीस यंत्रणा त्याच्या सोयीचीही होती.

७/
शिपायाच्याही खालची पायरी चौकीदाराची. आपल्याकडच्या जागल्यासारखा हा गावराखणदार. राहायचा गावातच, गावकीतलाच एक. डोक्यावरच्या लाल पागोट्याने तो ‘सरकारी’ व्हायचा. चौरीचौऱ्याला मेलेल्यांत असे चौकीदारही होते. ज्यांनी मारले आणि जे मेले त्यांच्या घरांत, भाषेत, भाकरीत फारसा फरक नव्हता.

८/
१ फेब्रुवारी १९२२, बुधवार. मुंडेरा बाजारात गेलेल्या स्वयंसेवकांना ठाण्याचा दरोगा (आपल्या बोलीत फौजदार) गुप्तेश्वर सिंग याने मारहाण केली. मार खाणाऱ्यांत भगवान अहीर होता. हा माणूस पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत नोकरी केलेला, सरकारी निवृत्तिवेतन घेणारा. साम्राज्यासाठी लढून आलेला शिपाई त्याच साम्राज्याच्या फौजदाराकडून भर बाजारात मार खातो, ही गोष्ट डुमरीत किती झोंबली असेल याची कल्पना करता येते.

९/
मंडळाने आसपासच्या गावांना चिठ्ठ्या पाठवल्या : शनिवारी डुमरीत जमा. ४ फेब्रुवारीला सकाळपासून लोक येऊ लागले. नजर अली, लाल मोहम्मद ही पुढारी मंडळी. ठरले ते असे : आधी ठाण्यावर जायचे, आमच्या माणसाला का मारले हे दरोग्याला विचारायचे आणि मग बाजारात निरोधन करायचे. शनिवार हा मुंडेऱ्याच्या बाजाराचा दिवस. जमाव वाढत वाढत काही हजारांवर गेला.

१०/
ठाण्यावरही याची खबर होती. गोरखपूरहून सशस्त्र शिपायांची कुमक आली होती. मिरवणूक ठाण्यासमोर आली, बोलाचाली झाली, एका वजनदार स्थानिक माणसाने मध्यस्थी केली आणि लोक पुढे सरकले. इथवर रक्त सांडलेले नव्हते. खटल्यातील साक्षी वाचल्या की जाणवते, हा दिवस इथेच संपू शकला असता.

११/
पोलिसांनी वाट दिली याचा अर्थ जमावाने ‘जिंकलो’ असा घेतला. टाळ्या, हुर्रेवडी सुरू झाली. मिरवणुकीच्या शेपटाकडच्या लोकांवर चौकीदारांनी लाठ्या उगारल्या, उलट दगड आले. लोहमार्गाशेजारी खडीचे ढीग होते, दगडांना तोटा नव्हता. दरोग्याने हवेत गोळीबाराचा हुकूम दिला. कोणी पडले नाही हे पाहून जमावात आरोळी उठली : गांधीजींच्या प्रतापाने गोळ्यांचे पाणी झाले!

१२/
तिसऱ्या भागातले ते अंतर आता आठवा. हवेतला गोळीबार हा पोलिसांच्या लेखी इशारा होता. लोकांच्या लेखी तो चमत्काराचा पुरावा ठरला. एकाच कृतीचे दोन अर्थ लागले आणि मध्ये उभे राहून अर्थ समजावणारे कोणी नव्हते. लोक मागे हटण्याऐवजी पुढे आले. मग पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. काही जण जागीच ठार झाले, अनेक जखमी झाले.

१३/
यानंतर दगडांचा वर्षाव सुरू झाला. दारूगोळा संपत आला आणि शिपाई ठाण्याच्या इमारतीत शिरून दारे लावून बसले. बाजारातून रॉकेल आणले गेले, ठाण्याला आग लागली. जे आत राहिले ते जळाले. जे बाहेर पडले त्यांना लाठ्यांनी ठेचून पुन्हा आगीत लोटले गेले. काही चौकीदारांनी लाल पागोटी फेकून गर्दीत मिसळण्याचा प्रयत्न केला. तेच पागोटे त्यांची नोकरी होते आणि त्या दुपारी तेच त्यांचे मरण होते.

१४/
मृत पोलीस किती? कुठे २२ लिहिलेले सापडते, कुठे २३. दरोगा गुप्तेश्वर सिंग आणि दुसरा अधिकारी पृथ्वीपाल सिंग वगळता बाकी शिपाई आणि चौकीदार. बशीर खान, कपिलदेव सिंग, रघुवीर सिंग, मंगरू चौबे, रामबली पांडे, इंद्रासन सिंग ही काही नावे. चौकीदारांत वजीर, जथई, कतवारू. हिंदू आहेत, मुसलमान आहेत. त्या यादीत इंग्रज एकही नाही.

१५/
इथे थांबून एका सवयीकडे पाहू. आपण सहज लिहून जातो, ‘इंग्रजांचे पोलीस ठाणे जाळले’. वाक्य चूक नाही. ठाणे इंग्रजांचेच होते. पण सत्ता लंडनची आणि देह गोरखपूरचे, ही वसाहतवादी पोलीस व्यवस्थेची मेख त्या वाक्यात लपून जाते. लोकांचा राग ज्या सत्तेवर होता ती त्यांच्या हाताला लागत नव्हती. लागत होता तो तिचा सर्वांत स्वस्त नोकर.

१६/
गांधीजी तेव्हा बारडोलीत होते. १ फेब्रुवारीला, म्हणजे भगवान अहीरने मार खाल्ला त्याच दिवशी, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना निर्वाणीचे पत्र लिहिले होते : सात दिवसांत मागण्या मान्य करा, अन्यथा बारडोलीत सामुदायिक कायदेभंग. गोरखपूरची बातमी पोहोचली आणि सारे बदलले. ११-१२ फेब्रुवारीला काँग्रेस कार्यसमितीने बारडोलीत ठराव करून कायदेभंग स्थगित केला. गांधीजींनी पाच दिवसांचा उपवास केला.

१७/
एका ठाण्यासाठी देशभरचे आंदोलन का थांबवले, हा प्रश्न शंभर वर्षे विचारला जातो. उत्तर शोधताना आधीचे वर्ष पाहायला हवे, आणि त्यात महाराष्ट्र येतो. एप्रिल १९२१ मध्ये मालेगावात खिलाफत स्वयंसेवकांवरील खटल्यानंतर जमावाने पोलिसांवर हल्ला केला, फौजदार मारला गेला. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला आणि शहरात दंगल पेटली. जखमी पोलीस गांधीजींनी स्वतः पाहिले. तेव्हाही त्यांनी उपवास केला होता.

१८/
म्हणजे चौरीचौरा ही पहिली ठिणगी नव्हती. गांधीजींच्या दृष्टीने ती तिसरी-चौथी सूचना होती. १६ फेब्रुवारीच्या ‘यंग इंडिया’त त्यांनी या घटनेवर लेख लिहिला आणि तिला सरळ गुन्हा म्हटले. पोलिसांनी आधी चिथावणी दिली असे म्हणण्यास जागा आहे हे त्यांनी नाकारले नाही. पण शरण आलेल्या, हतबल झालेल्या माणसांची हत्या कोणत्याही चिथावणीने समर्थनीय ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पोलीस हा त्यांच्या लेखी शत्रुपक्षाचा प्यादा नव्हता. उद्याच्या स्वराज्यात तोही नागरिक असणार होता.

१९/
सहकाऱ्यांना हे पटले नाही. तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय संतापले. तरुण जवाहरलाल आणि सुभाषबाबू हताश झाले. फेब्रुवारीअखेरीस दिल्लीत अखिल भारतीय काँग्रेस समिती भरली, तेव्हा नागपूरच्या डॉ. बा. शि. मुंजे यांनी गांधीजींवर ठपका ठेवणारा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण सभागृहातील अस्वस्थता लपली नाही. दूरच्या एका गावाच्या चुकीची शिक्षा सगळ्या देशाला का, हा त्यांचा सवाल गैरलागू म्हणता येत नाही.

२०/
सरकारने संधी साधली. १० मार्चला गांधीजींना अटक झाली, १८ मार्चला अहमदाबादेत राजद्रोहाचा खटला चालला. मुंबई, मद्रास आणि चौरीचौरा येथील हिंसेच्या जबाबदारीपासून आपण अंग झटकू शकत नाही, हे त्यांनी न्यायालयात मान्य केले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्याचा दाखला देत सहा वर्षांची शिक्षा सुनावली. तुरुंग : पुण्याचे येरवडा.

२१/
गांधीजींविषयी आपल्याला एवढे ठाऊक असते. डुमरीच्या लोकांचे काय झाले? गावेच्या गावे धुंडाळली गेली, प्रतिज्ञापत्रांच्या आधारे धरपकड झाली. स्वराज्यासाठी ज्या कागदावर अंगठा उठवला तोच आता पोलिसांच्या हाती आरोपींची यादी बनला. मीर शिकारी हा मंडळातला माणूस माफीचा साक्षीदार झाला. आजही त्या दिवसाचे जे सलग चित्र आपल्यासमोर आहे, त्याचा मोठा भाग त्याच्या जबानीवर उभा आहे.

२२/
२२५ जणांवर खटला चालला. ९ जानेवारी १९२३ रोजी गोरखपूरचे सत्र न्यायाधीश एच. ई. होम्स यांनी १७२ जणांना फाशी सुनावली. एका खटल्यात एकशे बहात्तर! मानवेंद्रनाथ रॉय यांनी परदेशातून याचा कडाडून निषेध केला. काँग्रेसने मात्र या लोकांना ‘आपले’ म्हणताना हात आखडता घेतला. ज्या घटनेने आंदोलन थांबले त्या घटनेतील आरोपी तिला अडचणीचे होते.

२३/
अपिलात पंडित मदनमोहन मालवीय उभे राहिले. वकिली केव्हाच मागे टाकलेला हा नेता या माणसांसाठी पुन्हा न्यायालयात आला. २० एप्रिल १९२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९ फाशी कायम केल्या, ३८ जणांना निर्दोष सोडले आणि उरलेल्यांना जन्मठेप ते काही वर्षांचा कारावास अशा शिक्षा दिल्या. दीडशेहून अधिक माणसे फासावरून उतरली. सत्र न्यायालयाने किती सरसकट न्याय केला होता, हे या आकड्यांतच दिसते.

२४/
जुलै १९२३ मध्ये संयुक्त प्रांतातील तुरुंगांत १९ जण फाशी गेले. भगवान अहीर, नजर अली, लाल मोहम्मद, अब्दुल्ला उर्फ सुखई, बिक्रम, दुधई, लौटू, महादेव, रुदली, सहदेव, श्यामसुंदर, सीताराम… या यादीतही हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी आहेत. आणि एक नाव दोन्ही याद्यांत सापडते : रघुवीर. एक ठाण्यात मेला, दुसरा फासावर.

२५/
आता स्मारकांची गोष्ट. सरकारने ठाण्याच्या आवारात मृत पोलिसांचे स्मारक उभारले. फाशी गेलेल्यांसाठी कित्येक दशके काहीच नव्हते. स्वातंत्र्यानंतर पोलिसांच्या स्मारकावर ‘जय हिंद’ ही अक्षरे आली. १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते शहीद स्मारकाचा पाया घातला गेला, १९९३ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांनी त्याचे उद्घाटन केले. आज त्या एका गावात दोन स्मारके आहेत, एक मारल्या गेलेल्यांचे आणि एक त्यांना मारल्याबद्दल फाशी गेलेल्यांचे. दोन्हीकडे शब्द एकच : शहीद.

२६/
हा गोंधळ केवळ चौरीचौऱ्याचा नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात पोलिसांच्या गोळीबारानंतर जमावाने पोलीस मारले. मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फाशी गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी-चिमूरला अधिकारी व पोलीस मारले गेले. हुतात्म्यांची नावे आपल्याला पाठ आहेत आणि ती असायलाच हवीत. मेलेल्या शिपायांपैकी एकाचे तरी नाव आठवते का?

२७/
एक फरक नोंदवण्याजोगा. सोलापूरनंतर आंदोलन थांबले नाही. कदाचित १९२२ ने काँग्रेसला शिकवले होते की एका ठिकाणच्या हिंसेवर सगळा डोलारा टेकवून ठेवला, तर सरकार हवे तेव्हा तो पाडू शकते. पण याची दुसरी बाजूही पाहा : १९२२ मध्ये बावीस-तेवीस देशी शिपायांच्या मरणाने एक राष्ट्रीय आंदोलन थांबले. वसाहतीच्या काळात त्या शिपायांच्या जिवाची एवढी किंमत क्वचितच कोणी केली असेल, आणि सरकारने तर मुळीच नाही.

२८/
स्वतंत्र भारतात २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा जवान गेले, त्यांची आठवण म्हणून. दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात कर्तव्यावर मृत्यू आलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे कोरली आहेत, पण ती १९४७ पासूनची. राष्ट्राने स्वतःच्या स्मृतीची सीमा तिथे आखली आहे. जथई आणि कतवारू त्या सीमेच्या पलीकडे राहतात.

२९/
मग बाजू कोणाची घ्यायची? इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रश्नापासून पळता येत नाही, पण तो मोडून मांडता येतो. अन्याय कोणाचा होता? वसाहतवादी सत्तेचा आणि तिच्या आश्रयाने माजलेल्या जमीनदारीचा. भगवान अहीरला मारणे चूक होते का? होय. जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या का? होय. आगीतून बाहेर आलेल्या निःशस्त्र चौकीदाराला ठेचणे यामुळे न्याय्य ठरते का? नाही. आणि त्याबद्दल १७२ माणसांना फाशी सुनावणे? तेही नाही. ही चारही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत.

३०/
पोलिसांवरील हिंसेच्या बातम्या आजही येतात, पोलिसांच्या हिंसेच्याही येतात. दोन्ही वेळा आपली पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘आपली माणसे कोणती’ यावरून ठरते. १८६१ चा पोलीस कायदाही देशाच्या काही भागांत प्रत्यक्ष आणि अनेक ठिकाणी आशयाने जिवंत आहे. लोक आणि शिपाई यांना समोरासमोर उभे करणारी ती जुनी रचना पूर्ण मोडलेली नाही. म्हणून चौरीचौरा वाचताना दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत रघुवीर आहे.

(थ्रेड समाप्त. सोलापूर १९३० वर स्वतंत्र थ्रेड हवा असल्यास कळवा. आपल्या गावात, तालुक्यात अशा घटनेचे स्मारक असेल तर त्यावर कोणाची नावे आहेत, हेही जरूर सांगा.)